हस्तरचा पाऊस, कोलासुराचं पाणी

1993 साली नागझिऱ्याच्या जंगलात सुट्टीला आलेल्या एका मुलाला त्याच्या मित्राने एक गोष्ट सांगितली. मुलगा तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा असेल. ती गोष्ट ऐकून तो असा घाबरला की पुढे ती त्याच्या डोक्यातून कधी गेलीच नाही. मुलाचं नाव राही अनिल बर्वे. गोष्ट नारायण धारपांची. पंचवीस वर्षांनी, 12 ऑक्टोबर 2018 रोजी, त्या भीतीचा ‘तुंबाड’ नावाचा चित्रपट होऊन पडद्यावर आला.

नागझिरा त्या वेळी भंडारा जिल्ह्यात होतं. गोंदिया जिल्हा झाला 1 मे 1999 रोजी, आणि आज ते अभयारण्य या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी तिथे मुक्काम करून ‘नागझिरा’ लिहिलं, किरण पुरंदरे चारशे दिवस राहून आले. त्या काळी तिथल्या विश्रामगृहात वीज नव्हती. दिवस मावळला की कंदिलाच्या उजेडापलीकडे जंगल सुरू व्हायचं. अशा अंधारात ऐकलेली गोष्ट छापलेल्या गोष्टीपेक्षा वेगळी होते. ऐकणारा मान वळवून मागे बघतो, सांगणारा आपल्या पदरची भर घालतो आणि मूळ पानांचा धाक उरत नाही. ‘तुंबाड’च्या जन्माबद्दल मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच बाब. दिग्दर्शकाने गोष्ट आधी ऐकली, वाचली नंतर.

हा लेख मी केशोरीहून लिहितो आहे. केशोरी गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. पुढे गडचिरोली जिल्ह्याची हद्द, मागे नवेगावबांधचं जंगल आणि तलाव, बाजूला गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण. सरकारी कागदांत या भागाची नोंद नक्षलग्रस्त अशी होती, बाजारात मात्र केशोरी ओळखली जाते ती मिरचीमुळे. दिवाळीच्या सुमाराला हलका धान कापून होतो, जड धान बांधीत उभा असतो, आणि भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडईचे, म्हणजे जत्रेचे, दिवस लागतात. दिवसा दंडार, रात्री नाटक. ‘तुंबाड’ची गोष्ट घडते ती कोकण-पुण्याच्या बाजूला, इथून महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला. तरी हा चित्रपट नीट कळायला केशोरीच्या परिसरासारखी जागा नाही, असं माझं मत झालं आहे. ते का, हे सांगायला थोडं लांबून यावं लागेल.

अभिजात कादंबरीवरून भव्य अद्भुतपट म्हटलं की आज कुणाच्याही डोळ्यांपुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ येतो. टॉल्किनची कादंबरी 1954 आणि 1955 मध्ये तीन भागांत आली. पीटर जॅक्सनचे तीन चित्रपट 2001 ते 2003 या काळात आले आणि शेवटच्या भागाला अकरा ऑस्कर मिळाली. मुग्धा कर्णिक यांनी ही कादंबरी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणली आहे. तिथला क्रम सरळ आहे. आधी एका माणसाने भाषा, नकाशे, वंशावळ्या रचत आयुष्य घालवलं, मग वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांनी ते पुस्तक जिवापाड जपलं, आणि त्यानंतर ते पडद्यावर गेलं. चित्रपट करणाऱ्याच्या पाठीशी एक तयार जग होतं.

मराठीत असं तयार जग नव्हतं, असं नाही. आपल्या सुरुवातीच्या कादंबरीचा मोठा प्रवाह अद्भुताचाच होता. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची, नारो सदाशिव रिसबुडांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. राजपुत्र, कपटी प्रधान, अरण्यं, दैवी योगायोग यांचा त्यात सुकाळ. मग हरिभाऊ आपटे आले आणि कादंबरीला घराच्या माजघरात, विधवेच्या दुःखात, मध्यमवर्गाच्या रोजच्या जगण्यात घेऊन गेले. ते मोठंच काम होतं. मात्र त्यानंतर अद्भुत म्हणजे पोरकट, अशी समजूत रुजली ती जवळजवळ शंभर वर्षं टिकली. टीकाकारांनी त्या लेखनाकडे पाठ फिरवली आणि ते भाड्याने पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांच्या फडताळात जाऊन बसलं.

पडद्यावर मात्र ते मेलं नव्हतं. फाळक्यांनी 1917 मध्ये ‘लंकादहन’मध्ये मारुती उडवला. 1934 मध्ये तर मराठी कादंबरीवरूनच एक थोर चित्रपट झाला. तो ‘अमृतमंथन’. नारायण हरि आपट्यांच्या ‘भाग्यश्री’वरून व्ही. शांताराम यांनी तो केला. प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आल्यानंतरचा हा पहिला चित्रपट, मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत. काल्पनिक राज्य, बळी मागणारी देवी, बळी बंद करू पाहणारा राजा आणि त्याच्या जिवावर उठलेला राजगुरू. राजगुरू मराठीत केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. राजगुरूचा एकच डोळा पडदाभर दिसतो, तो क्षण आजही अंगावर येतो. इतिहासातलं कुठलंही राज्य नाही, पुराणातली कथाही नाही, तरी देवीच्या नावाने चालणारी सत्ता काय करते हे त्यात लख्ख दिसतं. या वाटेवर मराठी चित्रपट पुढे चालत राहिला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मला नेहमी पडतो. तो चालला नाही. सामाजिक, तमाशाप्रधान, विनोदी अशा वाटा रुंद झाल्या आणि ही बुजत गेली.

अद्भुताचा दिवा त्या काळात ज्यांनी तेवता ठेवला त्यांत धारपांचं नाव आधी घ्यायला हवं. नारायण धारपांचा जन्म 27 ऑगस्ट 1925 चा, म्हणजे 2025 हे त्यांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. त्यांनी शंभरावर पुस्तकं लिहिली. ‘समर्थ’ नावाच्या त्यांच्या नायकाने कित्येक मराठी मुलांच्या सुट्ट्या गाजवल्या. 2008 च्या ऑगस्टमध्ये ते गेले. ज्या वाचनालयात खांडेकर, फडके, पेंडसे पुढच्या कपाटात असत, तिथे धारप मागच्या कपाटात असत आणि त्यांच्याच पुस्तकांची पानं आधी सुटत. वाचकांनी त्यांना दिलेलं हे प्रेम समीक्षेने कधी मोजलं नाही. ती चूक आता तरी दुरुस्त व्हावी.

नागझिऱ्यात सांगितली गेलेली धारपांची कथा ‘आजी’. तिचं मूळ अमेरिकेत आहे. स्टीफन किंगची ‘ग्रॅमा’ ही 1984 ची कथा. आई घराबाहेर गेली आहे आणि लहान मुलगा अंथरुणाला खिळलेल्या आजीपाशी एकटाच आहे. आजी साधी नाही, एवढंच त्याला ठाऊक आहे. धारपांनी ही कथा मराठी घरात आणली. किंगच्या ‘सालेम्स लॉट’ची त्यांनी अशीच ‘लुचाई’ केली होती. याला कुणी उसनवारी म्हणेल. मी म्हणणार नाही. मराठी घरातली आजी ही वेगळी वस्तू आहे. तिच्या मांडीवर आपण गोष्टी ऐकलेल्या असतात, तिच्या पाया पडून परीक्षेला गेलेलो असतो. तीच आजी भयाचं ठिकाण होते तेव्हा भीतीची जात बदलते. अमेरिकेतल्या लेखकाने लिहिलेली, पुण्यातल्या लेखकाने आपलीशी केलेली आणि विदर्भातल्या जंगलात एका मुलाने दुसऱ्याला सांगितलेली ही गोष्ट. चित्रपटाच्या पहिल्या भागात ती थेट दिसते. आईने घरात नसावं, मुलगा एकटा मागे असावा, आणि साखळदंडाने जखडलेल्या म्हातारीला खाऊ घालण्याची वेळ त्याच्यावर यावी.

नाव मात्र दुसरीकडून आलं, आणि तेही साध्यासुध्या पुस्तकातून नाही. श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ 1987 मध्ये दोन खंडांत आली. रत्नागिरी जिल्ह्यातला खेड तालुका, जगबुडी नदी, तिच्या काठचं तुंबाड आणि तिथल्या खोतांच्या चार पिढ्या. ‘गारंबीचा बापू’ आणि ‘रथचक्र’ लिहून झाल्यावर, सत्तरी ओलांडल्यावर, पेंडशांनी हा एवढा मोठा पट मांडला. हा चित्रपट त्या कादंबरीचं रूपांतर नाही, हे स्वच्छ सांगायला हवं. पेंडशांच्या खोतांपैकी कुणीही त्यात नाही, प्रसंगही नाहीत. बर्व्यांनी घेतलं ते नाव. पण ज्याने दोन्ही खंड वाचलेत त्याला कळतं की नावाबरोबर आणखी काहीतरी आलं आहे. एका घराण्याने गावावर धरलेली पकड, वाड्याच्या भिंतींत मुरलेला माज, वारशाने येणारी हाव, आणि पिढी उलटली तरी न फिटणारं काहीतरी. कथानक न घेताही कादंबरी चित्रपटात उतरू शकते, याचं हे आपल्या भाषेतलं मोठं उदाहरण.

राही बर्व्यांच्या घरचा वारसाही सांगण्याजोगा आहे. वडील अनिल बर्वे, ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ आणि ‘हमिदाबाईची कोठी’चे लेखक. ते 1984 मध्ये ऐन तारुण्यात गेले. आईचे वडील शाहीर अमर शेख. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’मध्ये फाशीची शिक्षा झालेला नक्षलवादी आणि तुरुंगाधिकारी समोरासमोर उभे आहेत. नक्षलवाद्यांविषयी मराठीत आस्थेने लिहिणाऱ्या पहिल्या काही लेखकांत अनिल बर्वे होते. ते हे लिहीत होते तेव्हा ती चळवळ आंध्रात होती, 1980 मध्ये ती गोदावरी ओलांडून गडचिरोलीत आली आणि पुढे केशोरीपर्यंत पोचली. वडिलांच्या लेखनाचा विषय ज्या टापूत पुढे येऊन ठेपला, त्याच टापूच्या जंगलात मुलाला त्याची गोष्ट भेटली. हा योगायोगच. पण जमीन कुणाची, धान्य कुणाचं, आणि मधला माणूस किती खातो, या प्रश्नांची धग दोघांच्याही कामात आहे, आणि ती मला योगायोग वाटत नाही.

पटकथेचा पहिला खर्डा 1997 चा, बर्वे अठरा वर्षांचे असतानाचा. 2008 मध्ये त्यांचा ‘मांजा’ हा लघुपट आला आणि डॅनी बॉईलने तो ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या डिस्कवर आपल्या चित्रपटासोबत दिला. पुढे ‘तुंबाड’चा सातशे पानांचा चित्रफलक तयार झाला, म्हणजे प्रत्येक दृश्य कॅमेऱ्यासमोर जाण्याआधी कागदावर रेखाटलेलं होतं. निर्माते येत आणि जात राहिले. 2012 मध्ये चित्रीकरण झालं, संकलन झालं, आणि हाती आलेलं काम पाहून बर्वे आणि निर्माता-अभिनेता सोहम शाह दोघांचंही समाधान झालं नाही. मग पुन्हा लिहिणं, पुन्हा चित्रीकरण. ते 2015 च्या मे महिन्यात संपलं. सहदिग्दर्शक आदेश प्रसाद, क्रिएटिव्ह डायरेक्टर आनंद गांधी, छायाचित्रण पंकज कुमार यांचं. पार्श्वसंगीत डेन्मार्कच्या येस्पर किडचं, शीर्षकगीत अजय-अतुल यांचं. वाड्याचं चित्रीकरण सासवडला सरदार पुरंदऱ्यांच्या वाड्यात झालं. पाऊस नळाचा नको, खरा हवा, या हट्टापायी चित्रीकरणाला पावसाळ्याची वाट बघत बसावं लागे.

त्या पावसाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण चित्रपटाचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. चित्रपटातली पुराणकथा बर्व्यांची स्वतःची, कुठल्याही पोथीत ती सापडणार नाही. पूर्तीची देवी, जिच्या उदरातून सोळा कोटी देव जन्मले. पहिला हस्तर, आईचा सगळ्यात लाडका. देवीजवळ सोनं आहे आणि धान्य आहे. हस्तरने सोनं घेतलं. मग तो धान्याकडे वळला तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला वाचवलं आणि आपल्या गर्भात ठेवलं, पण एका अटीवर, की त्याची पूजा कधी होणार नाही, त्याचं नाव कुणी घेणार नाही. तुंबाडच्या लोकांनी सोन्याच्या आशेने त्याचं देऊळ बांधलं. देव कोपले आणि गावावर पाऊस लागला तो थांबलाच नाही. तो पाऊस शेताचा नाही, कुजवणारा आहे. वाड्याच्या भिंती, माणसांचे कपडे, चेहऱ्यांवरचा उजेड, सगळं त्यात भिजून गेलेलं आहे.

गोष्ट तीन काळांत घडते, 1918, 1933 आणि 1947. चित्रपटाचा नायक विनायक लहानपणी तुंबाडहून आईसोबत पुण्याला जातो, मोठेपणी परत येतो. जखडलेली म्हातारी अजून तिथेच आहे, जिवंत, तिच्या अंगातून झाड उगवलेलं. तिच्याकडून त्याला रहस्य कळतं. विहिरीतून खाली उतरायचं, देवीच्या गर्भात पोचायचं, कणकेची बाहुली दाखवून भुकेल्या हस्तरला भुलवायचं आणि त्याच्या लंगोटातून सोन्याच्या मोहरा पळवायच्या. चपळाई कमी पडली तर मरणही येत नाही, म्हातारीसारखं जगत राहावं लागतं. तिसऱ्या भागात विनायक आपल्या मुलाला, पांडुरंगला, हेच शिकवतो. पांडुरंगचं काम करणाऱ्या मोहम्मद समदनेच त्या म्हातारीचंही काम केलं आहे. ते कळल्यावर चित्रपट पुन्हा पाहिला तर हाव एकाच अंगात दोन टोकांना दिसू लागते.

आता या कथेच्या मुळाशी काय आहे ते बघा. हस्तरजवळ सोनं आहे, पण तो उपाशी आहे. धान्य त्याच्या हाती कधीच लागत नाही. कणकेची एक बाहुली दिसली की तो आपलं सगळं सोनं विसरतो. हे मला खोतीचं चित्र वाटतं. कोकणात सरकार आणि कूळ यांच्या मध्ये खोत असे. त्याने सारा गोळा करायचा, आणि जमीन कसणाऱ्याने अर्धंअधिक पीक त्याच्या अंगणात ओतायचं. त्याविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावातल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 मध्ये संप सुरू केला, तो 1939 पर्यंत चालला. जमीन पडीक ठेवून माणसं उपाशी राहिली. 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर. विनायक सोनं आणायला विहिरीत उतरतो ते सालही 1933. दिग्दर्शकाने ते या हेतूने निवडलं असेल असा माझा दावा नाही. पण चरीच्या शेतात माणसं धान्यासाठी लढत होती आणि पडद्यावरच्या वाड्यात एक माणूस सोन्यासाठी उतरत होता, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की चित्रपटाचं वजन वाढतं. 1947 मध्ये देश स्वतंत्र होतो तेव्हा विनायकला काळजी कशाची, तर वाडा सरकारजमा होईल याची.

म्हणून मी म्हणालो की हा चित्रपट कळायला केशोरीचा परिसर हवा. पूर्व विदर्भात खोताच्या जागी मालगुजार होता. खोती आणि मालगुजारी यांच्या कायद्यांत पुष्कळ फरक होते, पण कसणारा आणि सरकार यांच्या मधली जागा तीच. मालगुजारी 1950 च्या कायद्याने गेली. मागे राहिले तलाव. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर मिळून आजही साडेसहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी तलाव मोजले जातात. छोट्या बोड्या वेगळ्या. इथला धान या पाण्यावर उभा आहे. पाऊस पडतो भरपूर, पण चार महिन्यांत पडून जातो. रोवणीनंतर त्याने दडी मारली तर बांधीत भेगा पडतात. पाणी अडवून ठेवणं हाच इथल्या संस्कृतीचा पाया, आणि तो घातला कोहळी समाजाने. गोंड राजवटीत नियमच होता, की तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखाली येणारी जमीन मिळायची.

केशोरीच्या वरच्या अंगाला नवेगावबांधचा तलाव आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला. भोवतीच्या डोंगरशिखरांना सातबहिणी म्हणतात आणि या बहिणींनी बांध घालायला मदत केली असं मानतात. कोलू पाटलांचं पुढे काय झालं? ते देव झाले. कोलासुर या नावाने त्यांचं ठाणं त्या शिखरांच्या मध्ये आहे आणि लोक त्याला मानतात.

हस्तर आणि कोलासुर यांना मी एकमेकांसमोर उभं करून पाहतो. एक देवाचा जन्म घेऊन हावेपायी विसरला गेला, त्याची पूजा केली म्हणून गावावर पाऊस कोसळला. दुसरा माणसाचा जन्म घेऊन पाऊस अडवल्यामुळे देव झाला. एकाजवळ सोनं आणि भूक, दुसऱ्यामुळे तीनशे वर्षं धान. पहिली कथा एका प्रतिभावान दिग्दर्शकाने वीस वर्षं खपून रचली. दुसरी या मुलखाने स्वतःच रचून ठेवली आहे, आणि तिच्यात अद्भुताला लागणारं सगळं आहे. डोंगर झालेल्या बहिणी आहेत, राजाचं वचन आहे, जंगल आहे, माणसाच्या आवाक्याबाहेरचं काम आहे.

मारुती चितमपल्लींनी या तलावाकाठी आणि जंगलात नोकरीची वर्षं काढली. माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्या माणसाच्या सहवासात त्यांनी इथल्या पक्ष्यांची, झाडांची, श्रद्धांची माहिती गोळा केली. 2025 च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले. त्यांचं ‘नवेगावबांधचे दिवस’ वाचताना लक्षात येतं की इथल्या माणसाच्या बोलण्यात माहिती आणि नवल वेगवेगळं नसतं. पक्ष्याचं घरटं कुठे असतं हे सांगता सांगता तो पक्षी रात्री कुणाच्या नावाने ओरडतो हेही सांगितलं जातं. जंगलात वाट चुकलेल्या माणसाला चकवा लागला असं म्हणतात, आणि म्हणणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही. नागझिऱ्यात एका शहरी मुलाने दुसऱ्याला सांगितलेली गोष्ट अशा हवेत सांगितली गेली होती. तिला इथल्या मातीने काय दिलं हे मोजता येणार नाही. ती मुंबई-पुण्याच्या एखाद्या बैठकीत, ट्यूबलाइटखाली सांगितली गेली असती तर तिच्या पोटी ‘तुंबाड’ आला असता, असं मात्र मला वाटत नाही.

इथे अद्भुताला रंगमंचही आहे. झाडीपट्टी रंगभूमीचं मोठं केंद्र वडसा-देसाईगंज, केशोरीहून फार लांब नाही. दिवाळीनंतर सुरू होऊन होळीपर्यंत रोज रात्री कुठल्या ना कुठल्या गावात नाटक उभं राहतं, गाण्यांसह, नाचांसह, रात्री जेवणं आटोपल्यावर पडदा वर जातो तो पहाट होईपर्यंत. कंपन्या व्यावसायिक आहेत, तिकीट लावून खेळ होतात, आणि या मोसमावर लेखक, नट, वादक, मंडपवाले अशी हजारो घरं चालतात. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. ते शेजारच्या कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे. हजारो प्रयोग केलेला हा नट नक्षल प्रभावाच्या भागात राहून लोकांना हसवत आला आणि हसवता हसवता दारू, अंधश्रद्धा यांवर बोलत आला. आज बहुतेक नाटकं कौटुंबिक आणि सामाजिक असतात. पण त्याच मंडईत दिवसा दंडारीत पुराणातली सोंगं नाचतात. एकाच दिवसात, एकाच गावात, देव आणि सासू-सुनेचं भांडण दोन्ही रंगतात आणि प्रेक्षक दोन्हीकडे तितक्याच मनापासून बसतो. ज्या प्रेक्षकाला अद्भुत आणि वास्तव यांत निवड करावी लागत नाही, तो अद्भुतपटासाठी सगळ्यात तयार प्रेक्षक.

‘तुंबाड’ला असा प्रेक्षक मिळायला वेळ लागला. 2018 च्या ऑगस्टअखेरीस तो व्हेनिसच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा उद्घाटनाचा चित्रपट होता, आणि तो मान मिळवणारा पहिला भारतीय चित्रपट. फिल्मफेअरमध्ये छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनी अशी तीन पारितोषिकं मिळाली. चित्रपटगृहात मात्र बेताचीच गर्दी झाली. मग लोकांनी तो घरी पाहिला, एकमेकांना सांगितला. 13 सप्टेंबर 2024 रोजी तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई झाली. सहा वर्षं लोक एकमेकांना ‘हा बघच’ असं सांगत राहिले, त्याचं हे फळ. कंदिलाच्या उजेडात सुरू झालेल्या गोष्टीचा प्रवास शेवटपर्यंत तोंडोतोंडीच झाला.

एक गोष्ट मला मनापासून लागते. हा चित्रपट हिंदीत आहे. वाडा मराठी, माणसं मराठी, नाव मराठी कादंबरीचं, बीज मराठी कथेचं, अनिता दाते, ज्योती माळशे, दीपक दामले असे मराठी नट, आणि बोली हिंदी. पैशाचं गणित मला समजतं. वीस वर्षं ज्या चित्रपटाला निर्माता टिकत नव्हता त्याने भाषेचा हट्ट कसा धरायचा, हेही समजतं. तरीही ती म्हातारी आणि ती आई मराठीत बोलली असती तर काय झालं असतं, ही हुरहुर जात नाही. शांतारामांनी 1934 मध्ये एकाच कथेचे दोन भाषांत दोन चित्रपट केले होते. ते तंत्र आपल्याला नवीन नाही.

कोलू पाटलांचा चित्रपट कुणी करायचा म्हटलं तर त्याला काय लागेल, याचा मी इथे बसून विचार करतो. पाऊस लागेल, तो आहे. रोवणीच्या दिवसांतला, गुडघाभर चिखलातला. तलाव आहे, बांध आहे, सात शिखरं आहेत. झाडीबोलीत बोलणारे, रात्रभर उभे राहून प्रयोग करण्याची सवय असलेले नट वडशात आहेत. तंबोऱ्यापासून ऑर्गनपर्यंत सगळ्याला सरावलेले वादक आहेत. अभिजात कादंबरी मात्र हाताशी नाही. कोलासुरावर मराठीत कुणी दोन खंड लिहिलेले नाहीत, आणि पेंडशांसारखा लेखक जगबुडीला मिळाला तसा गाढवी नदीला अजून मिळालेला नाही. पण ‘तुंबाड’ही कादंबरीवाचून झाला होता. त्याला पुरलं ते एक नाव, एक भीती आणि सातशे पानं रेखाटण्याची चिकाटी. यंदाच्या मंडईतही नाटकं होतील, आणि ती पाहायला आलेल्या पोरांपैकी एखाद्याला घरी परतताना आजा कोलासुराची गोष्ट सांगेल. ते पोर पुढे चित्रपट करील की नाही, ते आज कुणी सांगू शकत नाही. बर्वे नागझिऱ्यात आले तेव्हाही कुणी सांगू शकलं नसतं.